विमान थांबवणारी मुलगी

माझी मुलगी विमान उडवत नाही. आमच्या वसईजवळच्या आचोळ्याच्या सोसायटीत हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की आता लिफ्टमध्ये कुणी "काका, तुमची मुलगी पायलट ना?" असं विचारलं, की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अहो, पायलट नाही. ती हवाई दलात विमानांच्या देखभालीची अधिकारी आहे. पायलट विमानात चढायच्या आधी ते उडायच्या लायकीचं आहे की नाही, हे बघणाऱ्यांपैकी एक. नसेल तर विमान जागचं हलत नाही, मग आत बसणारा कितीही मोठा साहेब असू दे. एवढं सगळं ऐकून लिफ्टमधला माणूस म्हणतो, "म्हणजे मेकॅनिक." आणि तेवढ्यात त्याचा मजला येतो.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. मुंबईत सरकारी कचेरीत जन्म काढला आणि निवृत्त झालो. बायको वसईतल्या वटार गावची, बागायती वाडीवाल्यांच्या घरातली. तिच्या माहेरी केळी, भाजीपाला, सोनचाफा, आणि सगळी माणसं हळू आवाजात गोड बोलणारी. मी ओरडून बोलतो. भांडण नसलं तरी ओरडूनच बोलतो. आवाजच तसा आहे, करणार काय! आम्हाला एकच मूल. तिने बोलणं आईकडून घेतलं आणि हट्ट माझ्याकडून. त्यामुळे ती अगदी शांतपणे, गोड शब्दांत, आपलंच खरं करते.

इंजिनीअरिंग संपवून ती निवड होऊन गेली, प्रशिक्षण झालं, खांद्यावर पट्टी आली. आम्ही सोसायटीत पेढे वाटले. मला वाटलं, चला, शिकणं संपलं. कसलं काय! अधिकारी झाल्यावर खरी शाळा सुरू झाली. दक्षिणेतल्या एका तळावर विमानांची देखभाल आणि त्यांच्या सामानसुमानाची व्यवस्था यांचा वरचा अभ्यासक्रम. सकाळी वर्ग, दुपारी विमानाखाली, संध्याकाळी पुन्हा पुस्तकं. शिकवणाऱ्यांत एक वॉरंट ऑफिसर होते, केरळकडचे. हुद्द्याने ते हिच्या खाली, त्यामुळे सकाळी ते हिला सलाम ठोकायचे आणि पुढच्या मिनिटाला हिची चांगली हजेरी घ्यायचे. मला हे भारी आवडलं. आमच्या कचेरीत सलाम करणारा आणि झापणारा कधी एकच माणूस नव्हता.

पहिल्या सुट्टीत आली तेव्हा तिने मामाच्या वाडीत जो धुमाकूळ घातला, तो अजून वटारला सांगतात. अभ्यासक्रमात त्यांना रबराबद्दल शिकवलं होतं. विमानात जागोजागी रबराच्या रिंगा असतात, तेल गळू नये म्हणून. त्या वापरल्या नाहीत तरी कपाटात पडल्या पडल्या म्हाताऱ्या होतात. तारीख उलटली की नवी कोरी रिंगसुद्धा फेकून द्यायची. मेव्हण्याच्या पंपाच्या खोलीत रबरी वायसरांचा डबा होता, कुठल्या जमान्यातला देव जाणे. ही बसली तो उपडा करून. एकेक वायसर वाकवून बघितला, आणि निम्म्याहून जास्त चिरले. मेव्हणा बिचारा "अगं, नवे आहेत ते, एकदापण लावलेले नाहीत," म्हणत राहिला. हिने सगळे कचऱ्यात टाकले. मामा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, आणि मग गुपचूप बाजारातून नवे घेऊन आला.

तेव्हाच ती म्हणाली होती, "बाबा, विमान जमिनीवर अडकून पडतं ना, ते बरेचदा अशा एका फडतूस रिंगेपायी. ती हाताशी नसते म्हणून. ती आज लागणार हे कुणीतरी कितीतरी महिने आधी ओळखायला हवं. आम्ही तेच शिकतोय." मी वरवर "हं" म्हटलं. पण आतून छाती फुगली होती, हे कशाला लपवू? जन्मभर कचेरीत मी वस्तू मागवल्यावर ती किती महिन्यांनी येते ते पाहिलं. वस्तू लागण्याआधी तिचा विचार करणारी माणसंही या देशात आहेत, आणि त्यातली एक माझ्या घरची आहे, हे मला नवीन होतं.

पण मला सगळ्यात गंमत वाटली ती एका वेगळ्याच रिवाजाची. रोज सकाळी विमानाला हात लावायच्या आधी ते वॉरंट ऑफिसर सगळ्यांना रांगेत उभं करायचे आणि एकेकाच्या डोळ्यांत बघून हिंदीत विचारायचे, "नींद पूरी हुई? मन में कुछ है?" झोप झाली नसेल, घरी भांडण झालं असेल, अंगात कसकस असेल, तर सरळ सांगायचं, "आज नाही." मग त्या दिवशी त्या माणसाने विमानाला हात लावायचा नाही. दुसरं काम. कुणी टोमणा मारत नाही, कारण विचारत नाही. उलट न सांगता काम करताना कुणी सापडला, तर त्याची धडगत नाही.

मी पोट धरून हसलो. म्हटलं, "आमच्याकडे असं विचारलं असतं तर अख्खी कचेरी रिकामी झाली असती." तीही हसली. मग म्हणाली, "बाबा, पण खरं सांगायला फार जड जातं हो. सगळ्यांसमोर 'मी आज ठीक नाही' म्हणायचं, तेही मुलीने. पहिले काही आठवडे कुणाचं तोंडच उघडत नव्हतं." आम्ही विषय सोडून जेवायला बसलो.

तिचा अभ्यासक्रम संपत आला, आणि नेमकी माझ्या छातीने कुरकुर सुरू केली. जिना चढलो की धाप, मग जडपणा, मग डाव्या हाताला कळ. वसईतल्या इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या तुंबल्यात, बायपास करावी लागेल. गोळ्यांवर थोडे दिवस निघतील, पण फार लांबवू नका. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. मी मात्र बाहेर आल्या आल्या पहिला हुकूम सोडला : पोरीला कळता कामा नये. तिची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. लेखी नव्हे, खऱ्या विमानावरची, त्या वॉरंट ऑफिसरांसमोर. ती हुकली की मागून येणाऱ्या तुकडीत जायचं, आणि बरोबरीची पोरं पुढे निघून जाणार.

वटारचं सगळं माहेर या कटात सामील झालं. असल्या बाबतीत आमच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. घरात कोण आजारी आहे, कोण गेलं, काय बुडालं, हे परीक्षेच्या आधी मुलाला सांगायचं नाही, हा जणू कायदाच. मेव्हण्याने सगळ्यांना दम भरला. सासूबाईंच्या हातून फोनसुद्धा काढून घेतला, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरीचा व्हिडिओ कॉल आला. मी गादीवर तक्क्याला टेकून, चेहऱ्यावर उजेड पडेल असा बसलो. म्हटलं, "कशी आहेस? अभ्यास झाला? जेव नीट." ती बोलता बोलता थांबली. मोबाईल डोळ्यांजवळ आणला. म्हणाली, "बाबा, तुम्ही ओरडत का नाही आहात?"

घ्या! तीस वर्षं लोक मला हळू बोला म्हणून सांगतात, आणि त्या एका दिवशी हळू बोललो तर चोरी पकडली गेली. मी उसनं अवसान आणून ओरडायला गेलो तर खोकलाच आला. तिने आईला बोलवा म्हटलं. आई समोर आली आणि तिला रडू फुटलं. झालं, आमच्या कटाचे तीनतेरा वाजले.

मी तिला बजावलं, "हे बघ, ऑपरेशन तुझ्या परीक्षेनंतरच आहे. तू उद्या डोकं शांत ठेवून जायचंस." ती म्हणाली, "हो बाबा." इतक्या गोडपणे म्हणाली की तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत तो प्रश्न आला. नींद पूरी हुई? मन में कुछ है? आणि माझी पोर, अख्ख्या वर्षाची मेहनत पदरात पडायच्या वेळी, म्हणाली, "आज नाही." रांगेतून बाहेर आली आणि परीक्षा न देता परत गेली.

तिने दुपारी फोन करून हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हृदयाबिदयाची पर्वा न करता मी ओरडलो. "मूर्ख आहेस का? कोण तुझ्या डोक्यात डोकावून बघणार होतं? गपचूप 'हो, झाली झोप' म्हणायचं होतंस आणि काम करायचं होतंस! एवढं वर्ष काय गवत उपटायला गेली होतीस?" ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाबा, बोल्ट हातात असताना मला तुमचा चेहरा दिसला असता. तो बोल्ट मी आवळला की नाही, ते मला आठवलं नसतं. त्या विमानातून कुणीतरी उडणार होतं." मी फोन बायकोच्या हातात कोंबला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी वॉरंट ऑफिसरांचा फोन आला. त्यांना सुनवायची वाक्यं मी मनात तयारच ठेवली होती. पण ते आधी माझ्या तब्येतीचं विचारत बसले, अगदी कुठली गोळी कधी, इथपर्यंत. मग म्हणाले, त्यांच्या त्या हिंदीत, की मुलीला रजा मंजूर झाली आहे, परीक्षा ती पुढच्या तुकडीबरोबर देईल. मी म्हटलं, "साहेब, नुकसान झालं ना तिचं." ते म्हणाले, "झालं. मलाही वाईट वाटलं. पण बोल्ट आवळायला मी कुणालाही शिकवू शकतो. हे जे ती आज बोलली, ते शिकवूनही सगळ्यांना येत नाही." "थँक्यू" म्हणून मी फोन ठेवला. मनातून मात्र धुसफूस चालूच होती.

पोरगी आली, तशी ऑपरेशनची तारीख ठरली. मेव्हण्याने दिनदर्शिका बघून दिवस पक्का केला होता, कारण त्याच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. आदल्या दिवशी मला दाखल केलं. छातीवरचे केस भादरले, रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. सकाळी मी हिरवा झगा घालून पलंगावर, एका बाजूला बायको आणि मेव्हणा, दुसऱ्या बाजूला पोर. संमतीच्या कागदावर नातेवाईक म्हणून तीच सही करणार होती. पेन हातात घेऊन ती डॉक्टरांची वाट बघत होती.

डॉक्टर आले. मोठा माणूस. वसईत त्यांच्या हाताखालून गेलेली कितीतरी माणसं आज भाजी घ्यायला बाजारात फिरतायत. ते खोलीत आले की सगळे आपोआप उभे राहतात. त्यांनी माझी नाडी पाहिली, हसले, "काय काका, तयार?" म्हणाले. आणि माझ्या पोरीने विचारलं, "सर, रात्री झोप झाली का तुमची?"

बायकोने तिला असा चिमटा काढला की मलाच दुखला. मेव्हणा हात जोडून "डॉक्टर, लहान आहे ती, मनावर घेऊ नका" करायला लागला. मला तर पलंगासकट जमिनीत जावंसं वाटलं. "अक्कल गहाण टाकलीस का?" मी ओरडलो. "कुणाला काय विचारतेस?" परीक्षा घालवली ती घालवली, आता बापाच्या डॉक्टरलाही दुखवून ठेवते, हेच माझ्या मनात होतं. ज्याच्या हातात माझं काळीज जाणार, त्यालाच हिने डिवचलं!

ती हलली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाली, "सर, राग मानू नका. आमच्याकडे विमानाला हात लावण्याआधी रोज विचारतात. मला विचारल्याशिवाय सही करता येणार नाही."

डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. ती तशीच ठेवून त्यांनी विचारलं, "काय करतेस तू?" तिने दोन वाक्यांत सांगितलं. मग ते म्हणाले, "मी असल्या झोपेवर शेकडो ऑपरेशनं केलीत, बाळ." ती त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसले. "हायवेवर अपघात झाला होता. रात्रभर उभा होतो. पहाटे खुर्चीत डोळा लागला तेवढाच," ते म्हणाले. "काका, मी आज करू शकतो. करेनही. पण मुलीने विचारलंय, तर खरं सांगतो, उद्या मी जास्त ताजा असेन. एका दिवसाने तुमचं काही बिघडत नाही. तुम्ही सांगा."

आता बोला! सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेव्हणा माझ्या कानाशी लागला. "भावोजी, उद्या अमावास्या आहे हां. डॉक्टर आज करतो म्हणतायत ना, मग आजच उरका." पोटात भुकेची आग, छाती भादरलेली, मनाची तयारी झालेली. ती तयारी पुन्हा करायची म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. मला खरोखर आजच उरकायचं होतं. मी पोरीकडे बघितलं. तिने पेनचं टोपण काढलेलंच नव्हतं.

म्हटलं, "हे विमान असतं तर?"

"थांबवलं असतं, बाबा."

माझी बायको, जी दिनदर्शिका बघितल्याशिवाय पापडही वाळत घालत नाही, ती म्हणाली, "दादा, अमावास्येला माणसाला झोप लागत नाही का? उद्याच करू." मेव्हण्याच्या तोंडाचा आ झाला. मी डॉक्टरांना म्हटलं, "उद्या." डॉक्टरांनी माझ्या पायावर थोपटलं आणि उठले. दारातून बाहेर पडताना मी त्यांना जांभई देताना पाहिलं. इतका वेळ बिचाऱ्याने ती दाबून धरली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की माझ्या पोरीने परीक्षेच्या रांगेत काय केलं होतं. किती माणसांच्या देखत, आणि किती काही हातचं जात असताना! मला तिचा एवढा अभिमान वाटला की सांगता येत नाही, आणि सांगितलाही नाही, कारण तेवढ्यात नर्सने चहा आणला आणि मला आधी चहा हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले ते दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात. पोरीने तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला. "झोपलो. घोड्यासारखा झोपलो. बायकोला विचार हवं तर." सगळे हसले. तिने टोपण काढलं, कागद पुढ्यात ओढला. डॉक्टर तिच्याकडे निरखून बघत होते. म्हणाले, "आणि तू? तू झोपलीस का?"

तिचा हात थांबला. डोळे लाल झालेले मलाही दिसत होते, पण मी ते वाऱ्यामुळे असतील असं स्वतःला सांगत होतो. ती एक क्षण माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही सर."

"मनात काही?"

"खूप आहे." तिचा आवाज फुटला. "मला भीती वाटतेय."

इतक्या दिवसांत, परीक्षा गेली तेव्हासुद्धा, ती रडली नव्हती. डॉक्टरांनी तिच्या हातातून पेन काढून घेतलं नाही. ते नुसते थांबले. तिने स्वतःच कागद आणि पेन आईसमोर सरकवलं. म्हणाली, "आई, तू कर. आज मी नाही." बायकोने पदराला हात पुसले, कागद अथपासून इतिपर्यंत वाचला, डॉक्टरांना दोन शंका विचारल्या, आणि मग तिच्या त्या मोठ्या, गोल अक्षरांत सही केली.

मला न्यायला वॉर्डबॉय आले तेव्हा अर्धा तास उलटून गेला असेल. ढकलगाडी बाहेर आली. पोरगी बाकावर आईची पिशवी उशाला घेऊन आडवी झाली होती, तोंड किंचित उघडं, गाढ झोपलेली. लहानपणी झोपायची तशीच. बायको तिला हलवायला वाकली. "अगं ऊठ, बाबांना नेतायत, बघ तरी."

मी म्हटलं, "नको उठवूस. झोपू दे तिला."